छताला आणि भिंतींना प्रायमर फवारून लगेच रोलर फिरवणे: नव्या घरात पहिल्यांदाच हे काम करवून घेणाऱ्यांसाठी

खारघरमधील आमच्या घराला पहिल्यांदा रंग लावला, तेव्हा ठेकेदाराने एअरलेस यंत्र (हवेऐवजी पंपाच्या दाबाने फवारणारे यंत्र) आणून एका दुपारीत दोन्ही बेडरूमला प्रायमर मारून दिला. पहिल्या खोलीत केवळ फवारणी झाली. दुसऱ्या खोलीत त्याच्याकडच्या एका जुन्या रंगाऱ्याने, कोणी सांगितले नसतानाही, फवाऱ्यामागून ओल्या प्रायमरवर रोलर फिरवला. संध्याकाळी दोन्ही खोल्या सारख्याच पांढऱ्या दिसत होत्या. रंगाचे दोन हात झाल्यानंतर काही आठवड्यांनी पडद्याच्या दांडीचे माप घेण्यासाठी मी पहिल्या खोलीत मास्किंग टेप लावली. ती काढताना तिच्याबरोबर तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा सुटून आला, आणि त्याच्या मागच्या बाजूला जिप्सम प्लास्टरची पिठासारखी बारीक पूड चिकटलेली होती. दुसऱ्या खोलीत तीच टेप तशीच लावून काढली, तर काहीही निघाले नाही. प्रायमरचा डबा एक, त्यातील पाणी तेवढेच आणि दिवसही तोच असल्यामुळे फरक उरला तो रोलरचा. पुढे बैठकीची खोली आणि छते मी शेजारी उभे राहून करवून घेतली, आणि त्या वेळी जे समजत गेले ते येथे क्रमाने मांडत आहे.

एअरलेस फवाऱ्याने प्रायमर भिंतीवर वेगाने व सारख्या जाडीने पसरतो. परंतु भिंतीवर घासल्यानंतरची धूळ, बारीक छिद्रे आणि कमी-अधिक शोषणाऱ्या जागा असतात, आणि फवारलेला थर त्यांच्यावर वरच्या वर बसून वाळू शकतो. रोलरच्या दाबाने तोच ओला प्रायमर छिद्रांत जातो, उरलेली धूळ आपल्यात ओढून घेतो, ओघळ मोडतो आणि पृष्ठभागावर बारीक दाणेदार पोत ठेवतो. या पोताचा उपयोग नंतर होतो, कारण पुढे कधी एखाद्या जागी हाताने टच-अप करावे लागले, तर ती जागा वेगळी उठून दिसत नाही.

१. यंत्र खरोखर लागणार आहे का, ते आधी ठरवा

घर रिकामे असेल, फरशीवर फर्निचर नसेल आणि दोन-तीन खोल्या सलग करायच्या असतील, तर फवारणी फायद्याची ठरते. घरात माणसे राहत असतील, कपाटे भिंतीला बसवलेली असतील आणि एकच खोली करायची असेल, तर झाकाझाकीत जाणारा वेळ फवारणीत वाचलेल्या वेळेपेक्षा जास्त होतो. अशा वेळी नुसत्या रोलरने प्रायमर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गुणवत्तेत काही कमी पडत नाही. ठेकेदाराकडे यंत्र आहे म्हणून ते वापरलेच पाहिजे, असे नाही.

२. सोसायटीची परवानगी आणि कागदपत्रे

ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक सोसायट्यांत अंतर्गत कामासाठी लेखी परवानगी लागते. सोसायटीचा अर्ज, मालकाच्या ओळखपत्राची प्रत, भाड्याचे घर असल्यास मालकाचे संमतिपत्र, कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती व छायाचित्रे आणि अनामत रकमेचा धनादेश एवढे आधीच तयार ठेवावे. कामाच्या वेळा आणि दुपारच्या शांततेचे तास लेखी विचारून घ्यावेत, कारण यंत्राच्या पंपाचा आवाज शेजारच्या घरात पोहोचतो आणि अर्धी भिंत ओली असताना काम थांबवावे लागले, तर त्या ठिकाणी जोड दिसतो.

३. भिंत कशाची आहे, ते ओळखा

या टप्प्यावर घाई करू नये, कारण पुढची बरीचशी चूक येथेच होते.

घोडबंदर रोड, कोलशेत, खारघर, उलवे अशा भागांतील नव्या इमारतींत आतून बहुधा जिप्सम प्लास्टर असते. ते गुळगुळीत दिसते, पण बोट फिरवले की पांढरी पूड लागते आणि ते पाणी पटकन शोषते. अशा भिंतीवर पहिला हात प्रायमरचा, त्यानंतर ॲक्रिलिक पुट्टी, घासणे आणि पुन्हा प्रायमर असा क्रम ठेवावा. बॅक-रोलिंगची, म्हणजे फवारणीमागून लगेच रोलर फिरवण्याची, सर्वांत जास्त गरज त्या पहिल्या हातालाच असते. सिमेंट प्लास्टरवर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल, तर ती प्लास्टर ओले करून थेट लावतात आणि तिच्याखाली प्रायमर लागत नाही. तिच्यावर मात्र लागतो.

काही टॉवर मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभे केलेले असतात. त्या भिंती घट्ट असतात आणि साचा सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश त्यांच्यावर राहू शकतो. बिल्डरने वर काही लावलेले नसेल, तर भिंतीवर थोडे पाणी शिंपडून पाहावे. पाणी पसरून शोषले गेले, तर ठीक. थेंब तसेच मोत्यासारखे उभे राहिले, तर आधी ती भिंत डिटर्जंटच्या पाण्याने घासून, स्वच्छ धुऊन वाळवावी लागते.

वाशी-नेरूळमधील सिडकोच्या जुन्या घरांत किंवा ठाण्यातील नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत तैलरंगाचे थर सापडतात. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये आले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या तैलरंगात शिसे असू शकते, हे गृहीत धरून असा रंग कधीही कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, निघालेला लगदा पुसून घ्यावा आणि काम होईपर्यंत लहान मुले व गरोदर स्त्रियांना त्या घरात ठेवू नये.

ओल तपासण्यासाठी साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा त्याखालची भिंत गडद दिसली, तर प्रायमर मारू नये. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पावसाच्या बाजूची भिंत यांची ही तपासणी चुकवू नये. लोणा धरलेला असेल, तर पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत आणि पाणी कुठून येते ते बंद झाल्याखेरीज पुढे जाऊ नये; वरून कितीही चांगला प्रायमर मारला, तरी क्षार त्याला आतून ढकलतात. नव्या सिमेंट प्लास्टरला किमान 28 दिवस मिळालेले असावेत.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा काळ या कामासाठी कठीण आहे. खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत सकाळी भिंत हाताला गार व ओलसर लागते. पर्याय नसेल, तर पाऊस उघडलेले दिवस निवडावेत आणि दोन हातांमधील अंतर डब्यावर लिहिले आहे त्यापेक्षा वाढवावे.

४. साहित्य आणि प्रायमरचा हिशेब

– एअरलेस यंत्र, गन, तिच्या दांड्यातील जाळी आणि गनच्या तोंडावर बसणाऱ्या 515 व 517 क्रमांकाच्या टिप.
– 9 इंची रोलर, 10 ते 12 मिलिमीटर लोकर असलेल्या दोन कव्हरांसह, आणि लांब दांडी.
– कोपऱ्यांसाठी 3 इंची ब्रश.
– पाण्यावर चालणारा अंतर्गत प्रायमर, गाळण्यासाठी नायलॉनचे कापड, दोन स्वच्छ बादल्या.
– मास्किंग टेप, प्लास्टिक शीट, फरशीसाठी जाड पुठ्ठा किंवा जुन्या चादरी.
– घासायला 120, 180 व 220 नंबरचा पेपर, मऊ झाडू, ओले फडके, प्रखर टॉर्च.
– चष्मा, एन-95 मास्क, टोपी, हातमोजे, भक्कम घोडी.

टिपच्या क्रमांकाचा अर्थ समजून घेतला, तर ठेकेदाराशी बोलणे सोपे होते. 517 मधील पहिल्या 5 च्या दुप्पट, म्हणजे 10 इंच, ही एक फुटावरून पडणाऱ्या पट्ट्याची रुंदी आहे, आणि 17 म्हणजे छिद्राचा व्यास एका इंचाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे 0.017 इंच. प्रायमरसाठी 515 किंवा 517 पुरते. टिप झिजली, की छिद्र मोठे होते, पट्टा अरुंद पडतो आणि प्रायमर जास्त जातो. भाड्याच्या यंत्राबरोबर झिजलेली टिप येणे नेहमीचे असल्यामुळे टिप स्वतः नवी घेणे मला योग्य वाटते.

हिशेब भिंती मोजूनच करावा. 10 बाय 12 फुटांची आणि साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. भिंती 418 चौरस फूट आणि छत 120, मिळून 538. त्यातून दार-खिडकीचे साधारण 40 वजा केले, की सुमारे 500 चौरस फूट उरतात. डब्यावर लिटरमागे 100 चौरस फूट लिहिले असेल, तर एका हाताला 5 लिटर. फवाऱ्यात हवेत उडणारा भाग आणि जिप्समचे शोषण धरून 6 लिटर हाताशी ठेवावेत. भिंत अर्धी झाली असताना प्रायमर संपू देऊ नये.

५. झाकाझाकी

फवाऱ्याचे धुके जिथे हवा जाते तिथे जाते. पंखे उतरवावेत, ते शक्य नसेल, तर पूर्ण गुंडाळावेत. खिडक्यांच्या स्लायडिंगच्या खाचा, दारांच्या चौकटी, स्विचबोर्ड, एसीचे तांब्याचे पाइप आणि ड्रेनची तोंडे टेप व प्लास्टिकने बंद करावीत. स्विचबोर्ड झाकण्याआधी त्या खोलीचा एमसीबी बंद करून यंत्राला दुसऱ्या खोलीतील 16 अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या पॉइंटवरून वीज द्यावी.

उंच इमारतींत छताला स्प्रिंकलरची नोझल आणि धुराचे सेन्सर असतात. स्प्रिंकलरवर प्रायमर किंवा रंग बसला, तर आग लागल्यावर तो वेळेवर उघडेलच असे नाही आणि पुसून वापरण्याऐवजी तो बदलावाच लागतो. प्रत्येक नोझलवर छोटी पिशवी टेपने बांधावी आणि अशा पिशव्यांची संख्या दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून ठेवावी.

६. घासणे आणि धूळ काढणे

पुट्टीनंतर 180 आणि मग 220 नंबरच्या पेपरने घासावे. त्यानंतर झाडूने वरून खाली धूळ काढावी आणि पिळलेल्या ओल्या फडक्याने भिंत एकदा पुसावी. काळ्या कापडाचा तुकडा भिंतीवर फिरवून पाहावा. त्यावर पांढरा ठसा उठला, तर पुन्हा पुसावे. येथे राहिलेली थोडी पूड रोलर सांभाळून घेतो, पण जाड थर नाही.

७. प्रायमर तयार करणे आणि यंत्र सुरू करणे

ब्रशने मारताना प्रायमरमध्ये भरपूर पाणी घालण्याची सवय आपल्याकडच्या रंगाऱ्यांना असते. एअरलेससाठी तेवढे पाणी घालू नये. डब्यावर फवारणीसाठी दिलेले प्रमाण पाहून त्यातील कमीत कमी पाण्यापासून सुरुवात करावी, तळापासून चांगले ढवळावे आणि नायलॉनच्या कापडातून गाळूनच बादलीत ओतावे. गाठी आणि साय हीच टिप तुंबण्याची मुख्य कारणे असतात.

दाब कमीत कमी ठेवून पुठ्ठ्यावर एक पट्टा मारावा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना जाड रेघा, म्हणजे शेपट्या, दिसतील. त्या नाहीशा होईपर्यंत दाब थोडा थोडा वाढवावा आणि तिथेच थांबावे. त्याहून जास्त दाबाने धुके वाढते आणि टिप लवकर झिजते. टिप तुंबली, तर ती उलटी फिरवून बादलीत एकदा ट्रिगर दाबावा, मग सरळ करावी.

एक गोष्ट काम सुरू होण्याआधी प्रत्येक कामगाराला सांगावी. लहान यंत्रांतही दाब 3000 पीएसआयपर्यंत जाऊ शकतो आणि या दाबाने निघालेली धार कातडीतून आत शिरते. जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसते, फारशी दुखत नाही आणि म्हणूनच लोक तिच्यावर पट्टी बांधून काम सुरू ठेवतात. आत मात्र द्रव बोटातून तळहातापर्यंत पसरलेला असू शकतो आणि उशीर झाला, तर बोट गमवावे लागते. असे झाल्यास क्षणही न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, उच्च दाबाने द्रव आत शिरला आहे हे स्पष्ट सांगावे आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. टिप काढताना, साफ करताना किंवा गन खाली ठेवताना यंत्र बंद करणे, गनमधील दाब मोकळा करणे आणि ट्रिगरचे कुलूप लावणे या तिन्ही गोष्टी दर वेळी व्हायलाच हव्यात. टिपसमोर बोट धरून फवारा तपासणाऱ्या माणसाच्या हातात गन देऊ नये.

८. आधी छत

किमान दोन माणसे लागतात: एक गनवर आणि एक रोलरवर. तिसरा होज सांभाळायला असेल, तर फरशीवरचे झाकण सरकत नाही.

रोलर सुरुवातीला प्रायमरमध्ये भिजवून चांगला निथळून घ्यावा. कोरडा रोलर छतावरचा प्रायमर उलट ओढून घेतो. यानंतर रोलर ट्रेमध्ये बुडवू नये. छतावर फवारलेला प्रायमरच त्याने पसरवायचा आहे. रोलर कोरडा पडू लागला, तर फवारा पातळ पडत आहे असे समजावे आणि गनचा वेग कमी करावा.

आधी छत व भिंतीच्या कडेने एक पट्टा मारावा आणि कोपऱ्यात लगेच ब्रश फिरवावा, कारण रोलर त्या शेवटच्या दोन बोटांपर्यंत पोहोचत नाही. मग खिडकीच्या बाजूने सुरू करून आत यावे. गन छताला काटकोनात, एक फूट अंतरावर धरावी. हात पूर्ण सरळ रेषेत न्यावा. मनगट वळवले, की पट्ट्याचा मध्य जाड आणि टोके पातळ होतात. हात हलू लागल्यावर ट्रिगर दाबावा आणि थांबण्याआधी सोडावा, नाहीतर दोन्ही टोकांना ओघळ तयार होतात. प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा.

चार-पाच फूट रुंदीचा भाग झाला, की गनवाल्याने थांबावे आणि रोलरवाल्याने फवाऱ्याच्या दिशेला आडवा रोलर फिरवावा. नंतर एकदा अगदी हलक्या हाताने, दाब न देता, सर्व पट्ट्या एकाच दिशेने जुळवून घ्याव्यात. फवारणी आणि रोलर यांत एक-दोन मिनिटांपेक्षा अंतर पडू देऊ नये. ऑक्टोबरच्या उन्हात जिप्समवर प्रायमर याहूनही लवकर ओढतो, म्हणजे सुकू लागतो, आणि अर्धवट ओढलेल्या प्रायमरवर रोलर फिरवला, तर तो थर उचलून येतो व जागोजागी खरबरीत चट्टे पडतात. त्या जुन्या रंगाऱ्याने मला सांगितले होते, "दादा, पूर्ण छत मारून मग रोलर घेतला तर काही उपयोग नाही, मशीनने माझी वाट बघितली पाहिजे." गनचा वेग ठरवण्याचा अधिकार रोलरवाल्याला द्यावा, ही या संपूर्ण लेखातील सर्वांत उपयोगी सूचना आहे. ठेकेदार नेमके याच्या उलट करतात: गनवाला अख्खी खोली संपवतो आणि मागून एक नवखा मुलगा वाळत आलेल्या भिंतीवर रोलर घासत राहतो.

९. मग भिंती

पद्धत तीच. आधी कोपरे, मग वरून खाली तीन ते चार फूट रुंदीचे उभे भाग. फवारा आडवा असेल, तर रोलर उभा. शेवटची फिरवणी वरून खाली एकाच दिशेने करावी. भिंत मध्येच सोडू नये. चहासाठी थांबायचे असेल, तर कोपऱ्यावर थांबावे. खिडकीच्या खालची जागा आणि दारामागची जागा हमखास पातळ राहते, तिथे स्वतः पाहावे.

फवारताना पंखा व खिडक्या बंद ठेवाव्यात, नाहीतर धुके शेजाऱ्यांच्या बाल्कनीत किंवा खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर जाऊन बसते. खोली संपली, की खिडक्या उघडाव्यात. हे सर्व पाण्याच्या प्रायमरबद्दल आहे. तेलाचा प्रायमर बंद खोलीत फवारणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे असल्यामुळे घरात तसे करू देऊ नये.

१०. वाळल्यानंतरची तपासणी

साधारणपणे चार ते सहा तास, आणि दमट दिवसांत रात्रभर वाळू द्यावे. मग खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकावा. राहिलेले ओघळ, टाचणीएवढी छिद्रे आणि रोलरच्या कडेच्या रेघा त्या प्रकाशात सावल्यांसकट दिसतात. दिवसा समोरून पाहिले, तर त्यातले काहीही दिसत नाही. पेन्सिलने फुली करून ठेवाव्यात, पुट्टीने भरून 220 ने घासावे आणि तेवढ्या जागी हाताने प्रायमर लावावा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक भिंतीवर आणि छतावर एका कोपऱ्यात मास्किंग टेपची वीतभर पट्टी घट्ट दाबून लावावी आणि झटक्याने काढावी. टेप स्वच्छ निघाली पाहिजे. तिच्यावर पूड किंवा पापुद्रा आला, तर रंगाचा हात मारू देऊ नये. सुटणारा भाग खरवडावा, धूळ पुसावी आणि तिथे पुन्हा प्रायमर रोलरने दाबून लावावा. ही तपासणी होईपर्यंत ठेकेदाराचा त्या टप्प्याचा हप्ता देऊ नये आणि तसे कामाच्या सुरुवातीलाच कोटेशनवर लिहून घ्यावे. "फवारणी व लगेच बॅक-रोलिंग" हे शब्दही कोटेशनमध्ये हवेत, कारण नुसते "स्प्रे प्रायमर" लिहिले असेल, तर रोलरचे वेगळे पैसे मागितले जातात.

११. यंत्र धुणे आणि आवरणे

काम संपल्याबरोबर उरलेला प्रायमर डब्यात परत घ्यावा आणि गनमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत यंत्र चालवावे. जाळी व टिप वेगळ्या काढून मऊ ब्रशने धुवाव्यात. धुतलेले पांढरे पाणी बाथरूमच्या जाळीत किंवा बाल्कनीच्या पन्हाळीत ओतू नये. वाळलेल्या प्रायमरचा लगदा पाइपात धरतो आणि खालच्या मजल्यापर्यंत तक्रार जाते. ते पाणी बादलीत रात्रभर ठेवावे, वरचे निवळलेले पाणी काढावे आणि तळाचा साका उन्हात वाळवून राडारोड्याबरोबर द्यावा.

टेप काढताना कडेने ब्लेड फिरवून हळूहळू, तिरकी ओढावी. शेवटी दाराच्या आतला कागद पाहून स्प्रिंकलरवरच्या पिशव्या मोजून उतरवाव्यात. आमच्याकडे संख्या अकरा लिहिलेली होती, हातात दहाच आल्या, आणि अकरावी स्वयंपाकघराच्या छतावर तशीच बांधलेली सापडली.